आईचा वंश आणि जातीची भिंत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळाने इतिहासावर लेख देण्याची जबाबदारी आमच्यावर टाकली. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, नागपूरची दीक्षा या विषयांवर आपल्याकडे चांगले लेख झालेले आहेत. या वेळी आम्ही त्याहून फार जुना इतिहास निवडला आहे. तो कोणत्याही पोथीत लिहिलेला नाही. तो तुमच्या-आमच्या शरीरात लिहिलेला आहे आणि तो आईकडून आलेला आहे.

विषय निवडण्याचे कारण सांगतो. विहारात बसलेली तरुण पोरं मोबाईलवर आलेले निरोप दाखवतात. एकात लिहिलेलं असतं की जाती रक्तातच आहेत, विज्ञानाने सिद्ध केलंय. दुसऱ्यात लिहिलेलं असतं की आपलंच रक्त खरं या मातीतलं, बाकीचे सगळे परके. दोन्ही निरोपांच्या शेवटी 'डीएनए' हा शब्द असतो. म्हणून हा डीएनए खरोखर काय सांगतो ते आम्ही वाचून काढलं. आमचं शिक्षण रात्रशाळेतलं, आयुष्य गेलं गिरणीच्या साच्यावर. तेव्हा जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

आईची ओळ म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यातला वारसा निम्मा आईचा, निम्मा बापाचा. पण केंद्रकाच्या बाहेर, पेशीमध्ये, बारीक बारीक तंतुकणिका असतात. गिरणीला जसं बॉयलर, तसं पेशीला ही तंतुकणिका. शक्ती तयार करायचं काम तिचं. तिच्यात स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्याची लांबी १६,५६९ अक्षरे. आणि हा डीएनए मुलाला फक्त आईकडून मिळतो.

म्हणजे कसं, ते नात्यांवरून बघा. आईची खूण मुलाला आणि मुलीला, दोघांनाही मिळते. पण पुढे नेते ती फक्त मुलगी. तुमची, तुमच्या मावशीची आणि मावसभावाची ओळ एक. तुमच्या मामाची ओळ तीच. पण मामाच्या मुलांची ओळ मामीची. आत्याची मुले आत्याची ओळ चालवतात, म्हणजे तुमच्या बापाच्या आईची. आई, आजी, पणजी, खापरपणजी असं मागे मागे जात राहिलं की ही ओळ हजारो वर्षे तुटत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते. तो बदल त्या बाईच्या लेकीला, नातीला, पणतीला जसाच्या तसा मिळतो. ताण्यात एक तार चुकीच्या रंगाचा भरला गेला, तर त्या बीममधून निघणाऱ्या प्रत्येक ताग्यात ती रेघ दिसतेच. तसंच हे. कोणत्या दोन माणसांत कोणती रेघ सारखी आहे हे पाहून त्यांची सामायिक आजी कोण आणि साधारण किती जुनी, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात.

आफ्रिकेतून निघालेल्या लेकी

१९८७ साली अमेरिकेतल्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या तीन शास्त्रज्ञांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतील वंशाच्या १४७ माणसांच्या या मातृवारशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी मुख्यतः बाळंतपणानंतर पडणारी वार गोळा केली होती. जी वार आपल्याकडे पुरून टाकतात, तिच्यातून माणसाच्या कुळाचा पत्ता लागला! सगळ्यांच्या ओळी मागे नेल्या तेव्हा त्या सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी जाऊन मिळाल्या.

त्या काळी ती एकटीच बाई होती असा याचा अर्थ नाही. एखाद्या चाळीत वीस बिऱ्हाडं आहेत असं धरा. काहींना मुलगेच झाले, काहींना मूलच नाही. त्यांची आईची ओळ तिथे संपली. अशा शेकडो पिढ्या गेल्या की शेवटी एकाच बाईची ओळ सगळ्या चाळीत उरते. बाकीच्या बायकांचा वारसा दुसऱ्या वाटांनी आपल्यात आहेच, फक्त या एका ओळीत तो दिसत नाही.

आफ्रिकेतल्या या मोठ्या झाडाच्या एका फांदीला शास्त्रज्ञ 'एल-३' म्हणतात. तिच्यातून दोन मोठ्या फांद्या फुटल्या, एक 'एम' आणि दुसरी 'एन'. आफ्रिकेबाहेरची जवळजवळ सारी माणसं या दोन मातांची लेकरं. आपल्याला महत्त्वाची आहे ती 'एम'. तिचा काळ साधारण पन्नास ते सत्तर हजार वर्षांपूर्वीचा धरतात. ती नेमकी कुठे जन्मली, आफ्रिकेच्या दारात की भारताच्या आसपास, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण तिच्या लेकी समुद्राच्या कडेकडेने पूर्वेकडे पसरल्या हे बहुतेकांना मान्य आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेतील के. थंगराज आणि लालजी सिंग यांनी २००५ साली अंदमानातल्या ओंगे आणि ग्रेट अंदमानी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातही 'एम'च्याच फार जुन्या फांद्या निघाल्या.

'एम'च्या लेकी तिथे थांबल्या नाहीत. चीन, तिबेट, कोरिया, जपान इथल्या पुष्कळ लोकांची आईची ओळ 'एम'च्याच फांद्यांची. तिच्याच दोन फांद्या सैबेरिया ओलांडून अमेरिकेतल्या आदिवासींपर्यंत गेल्या. आजच्या युरोपात मात्र ती जवळपास सापडत नाही. जपानचे भन्ते आपल्या देशात येतात तेव्हा आपण त्यांना परदेशी पाहुणे समजतो. पण आईच्या ओळीने ते आपल्या फार लांबच्या मावशीचे नातू असण्याचा संभव मोठा आहे.

भारतातली 'एम'

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात दर शंभर माणसांत साधारण साठ जणांची आईची ओळ 'एम'ची आहे. आदिवासींत हे प्रमाण आणखी जास्त. या फांदीला भारतात इतके फाटे फुटलेत आणि ते इतके जुने आहेत, की या बायका इथे हजारो पिढ्या नांदल्या याबद्दल शंका उरत नाही. त्यातली 'एम-२' ही सर्वांत जुन्या फाट्यांपैकी एक. मध्य आणि दक्षिण भारतातल्या आदिवासींत ती विशेष आढळते.

पण ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की 'एम' काही आदिवासींची किंवा दलितांची राखीव ओळ नाही. ती ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, कोळ्यांत आहे, मुसलमानांत आहे, आपल्यात आहे. प्रमाण कमी-जास्त असेल, पण माता त्याच. उरलेल्या चाळीस जणांतही सगळे बाहेरचे नव्हेत. हरियाणातल्या राखीगढी इथे सिंधू संस्कृतीच्या काळच्या एका स्त्रीचा सांगाडा मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली तिचा डीएनए प्रसिद्ध केला. तिची आईची ओळ 'यू-२' या फांदीची निघाली. ही फांदी 'एन'च्या बाजूची, तरीही भारतात फार जुनी. म्हणजे इथल्या मातीतल्या माताही एकाच घराण्याच्या नव्हत्या.

आपल्या शेजारच्या दोन समाजांचं उदाहरण घेऊ. पारशी लोक इराणातून आले हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या माहीम स्टेशनावरून जाणारे रूळ पुढे डहाणू, उंबरगाव करत संजाणला जातात. पारशी पहिल्यांदा वसले ते हे गाव. तिथल्या जुन्या दोखम्यातल्या अस्थींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की सुमारे ४८ टक्के अस्थींतली आईची ओळ भारतीय होती. म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातच इथल्या बायका त्या घरांत सुना म्हणून गेल्या असाव्यात.

दुसरे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले शनवार तेली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची पिढीजात कथा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांची आईची ओळ एकाच स्त्रीपाशी जाऊन मिळाली. ती ओळ 'एम'चीच एक भारतीय फांदी. बापाच्या बाजूने मात्र पश्चिम आशियाशी त्यांचं नातं दिसतं. ती कोकणातली बाई कोण, कोणत्या जातीची, कुणालाही सांगता येणार नाही. तिचं नाव कुठे नाही. पण तिच्या लेकींनी शनिवार पाळला, सण केले आणि एक समाज शेकडो वर्षे टिकवला.

बाप धर्म आणि आडनाव घेऊन आला, आई इथलीच होती, असं जगात पुष्कळ ठिकाणी घडलं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून जे लोक भारतात आले, त्यांचा वारसाही आईच्या ओळीपेक्षा बापाच्या ओळीत जास्त दिसतो. ज्यांना आपण परक्यांचे वंशज म्हणतो, त्यांच्याही घरातली आजी बहुतेक इथलीच.

भिंत कधी उभी राहिली?

मग माता एक असताना जाती आल्या कुठून? इथे बाबासाहेबांकडे वळावं लागतं.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस वर्षांचं. त्यात त्यांनी दाखवलं, की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आणि ते लग्न आत कोंडून ठेवायचं तर बाईला कोंडावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली त्याचसाठी. जातीचं कुलूप बाईवर लावलेलं आहे, हे त्यांनी त्या वयात जगापुढे मांडलं. पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी डोकी आणि नाकं मोजणाऱ्या त्या काळच्या शास्त्राचे आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत असा निष्कर्ष काढला.

त्या वेळी डीएनए वाचायचं तंत्र नव्हतं. ते आल्यावर काय दिसलं? २०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि अमेरिकेतलं हार्वर्ड यांनी मिळून ७३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात लोकांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली. जवळजवळ प्रत्येक गट तिच्यातून गेला. मग ती थांबली आणि गटागटांत लग्नं बंद झाली. २०१६ साली बंगालमधील कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी दुसरा अभ्यास दिला. त्यांच्या हिशेबाने वरच्या जातींत ही दारं सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, गुप्त राजांच्या काळाच्या सुमारास बंद झाली. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमाराला ठरवला होता, तोही गुप्तकाळच. जातीत लग्न आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी तंतोतंत एक नव्हेत, तेव्हा एकाने दुसरी सिद्ध झाली असं आम्ही म्हणणार नाही. पण दोन वेगळ्या वाटांनी गेलेली माणसं एकाच काळापाशी पोचतात हे विचार करण्याजोगं आहे.

याच संदर्भात आपल्या महाराष्ट्रातला एक शिलालेख सांगतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. काळ इसवी सनाचं दुसरं शतक. तिने ते लेणं भद्रायणीय भिक्खूंना दान दिलं. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजे असूनही नावापुढे आई! पण त्याच लेखात, मुलाची थोरवी सांगताना, त्याने चार वर्णांचा संकर थांबवला असंही कोरलेलं आहे. बुद्धाच्या भिक्खूंना दिलेल्या लेण्यात, एका आईच्या लेखात ही स्तुती! एका लेखावरून सबंध देशाचा इतिहास ठरत नाही. पण संकर थांबवला हा पराक्रम म्हणून कोरावा लागला, यावरूनच कळतं की संकर चालू होता. माणसं एकमेकांत मिसळत होती, आणि कुणाला तरी ते नको होतं. सहलीला नाशिकला जाल तेव्हा मुलांना तो लेख जरूर दाखवा.

आपल्याच लोकांना दोन शब्द

इथे आम्हाला आपल्या कार्यकर्त्यांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. राग मानू नये.

२००१ साली विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या आठ जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बापाच्या ओळीने वरच्या जाती युरोपच्या बाजूच्या लोकांना जास्त जवळच्या दिसल्या. हा अभ्यास आपल्याकडे फार गाजला. त्यावर सभा झाल्या, पुस्तिका निघाल्या. 'आम्ही मूलनिवासी, ते विदेशी' ही घोषणा त्यावर उभी राहिली. पण त्याच अभ्यासात पुढे काय लिहिलंय ते फारसं कोणी सांगत नाही. आईच्या ओळीने आठही जाती आशियाच्याच लोकांना सर्वांत जवळच्या निघाल्या. पश्चिमेकडच्या मातृवंशांचं प्रमाण वरच्या जातींत थोडं जास्त होतं, एवढाच फरक.

अर्धा कागद वाचून घोषणा करणं सोपं आहे. पण त्याने आपण बाबासाहेबांच्या विरुद्ध दिशेला जातो. त्यांनी आयुष्यभर सांगितलं की जात म्हणजे वंश नव्हे. जात रक्तात असेल तर ती मोडता येणार नाही. ती माणसाने केलेल्या नियमांत आहे, म्हणून माणसाला ती मोडता येते. आपला सारा लढा या एका वाक्यावर उभा आहे. आपणच रक्ताची भाषा बोलू लागलो तर समोरच्याचं काम आपण करून देतो.

दुसरी गोष्ट. हल्ली पैसे घेऊन थुंकीवरून वंश सांगणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. हौस असेल त्याने करावं. पण एवढं समजून घ्या, की दहा पिढ्या मागे गेलं तर आपल्या पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. त्यात आईच्या आईच्या आईची ओळ म्हणजे फक्त एक. साच्यावर ताण्यात हजारो तार असतात, त्यातला हा एक तार. त्या एका तारावरून अख्ख्या कापडाचा भाव ठरवणारा माणूस अडाणी. 'एम'वाला श्रेष्ठ, 'यू'वाला कनिष्ठ असं उद्या कोणी म्हणू लागला, तर ती नवी जातच झाली.

आणि समतेला डीएनएचा दाखला लागत नाही. समजा उद्या नवा शोध लागला आणि माणसांच्या माता वेगवेगळ्या निघाल्या, म्हणून काय एकाला विहिरीवर पाणी नाकारता येईल? तथागतांनी संघात घेताना कुणाचं कुळ विचारलं नाही. उपाली न्हावी होता, सुनीत रस्ते झाडणारा होता. विज्ञानाचं काम एवढंच, की खोटं बोलणाऱ्याचं तोंड बंद करावं. न्यायाचं काम आपल्याला करावं लागतं.

आता करायचं काय?

आपल्या घरांत बापाची वंशावळ चार-पाच पिढ्या सांगणारे वडीलधारे असतात. पण आईची आई कोण, तिची आई कोण, तिचं माहेर कुठलं, हे विचारलं तर बहुतेक जण दुसऱ्या पिढीलाच थांबतात. बाई लग्न करून आली की तिचं आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही बदलतं. मग ती कागदावरून पुसली जाते. आपल्या माहीमच्या वस्तीत कुणाच्या आज्या रत्नागिरीकडून बोटीने आल्या, कुणाच्या साताऱ्याकडून दुष्काळात चालत निघाल्या. त्यांनी गिरणीत वाइंडिंग खात्यात काम केलं, धुणीभांडी केली, पोरं शिकवली. त्यांच्या हजेरीचे कागद गेले, नावंही चालली.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने नियम केला आहे, की त्या दिवसापासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लिहायचं. दुसऱ्या शतकातल्या गौतमीपुत्राच्या महाराष्ट्रात हे व्हायला इतकी वर्षं लागली. उशिरा का होईना, झालं ते चांगलं झालं.

आमची विहाराला सूचना आहे. एक वही घालावी. तिच्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या आईची, आजीची, पणजीची नावं, त्यांचं माहेरचं गाव, त्या मुंबईत कधी आल्या, कोणतं काम केलं, एवढं लिहावं. ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदीच्या आज्या आहेत त्यांनी आज रात्रीच विचारून ठेवावं. आंतरजातीय लग्न करून आलेल्या सुना आपल्या वस्तीत आहेत, त्यांच्याही आया-आज्यांची नावं त्याच वहीत, त्याच पानावर यावीत. त्यांची लेकरं त्यांचीच ओळ पुढे नेणार आहेत. त्या मुलींनी दोन हजार वर्षांची भिंत ओलांडली आहे, हे आपण विसरू नये.

डीएनए मातेला नाव देत नाही, एक अक्षर देतो. नाव द्यायचं काम लेकरांचं आहे. ते आपण करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!